आबांनी बरा केलेला स्फटिक

सन्माननीय अध्यक्ष मानसिंगराव आबा, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका प्रियदर्शनी मॅडम, व्यासपीठावर नुकतेच चमकून गेलेले मान्यवर, पहिल्या रांगेतल्या मॅडमच्या मातोश्री कुशाबाई आणि बारामती-इंदापूरच्या बंधुभगिनींनो,

आभाराचं काम माझ्याकडं आहे. पण आत्ता अंधारात जे झालं, ते गिळून आभार कुणाचे मानू?

मॅडमनी प्रयोगशाळेत वाढवलेला हा अर्धवाहक स्फटिक जांभळ्या दिव्याखाली हिरवा उजळायचा. का? तर आत प्राणवायूच्या काही अणूंच्या जागा रिकाम्या. शास्त्र त्याला दोष म्हणतं, आणि उजेड येतो तो तिथूनच! लेकीनं जन्मभर काय केलं, हे एकदा डोळ्यांनी बघायला कुशाबाई जळोचीहून आल्या.

आबांनी मात्र दोष एवढंच ऐकलं. "बाईंना सदोष वस्तू देऊन घरी धाडायची? नारळसुदिक आमी वाजवून घेतो!" झालं. मॅडमना अचानक भेट म्हणून स्फटिक परस्पर इंदापुरात, पुतण्या दीपकच्या भट्टीत. भट्टीत प्राणवायूचा झोत सोडून असा भाजला, की एकूण एक जागा भरली. आबांचं प्रेम सांगून येत नाही.

मग मखमली डबी उघडली, हॉलचे दिवे मालवले, जांभळा दिवा लावला. स्फटिक ढिम्म! उजळलं कोण? आबा. टोपी, सदरा, धोतर, सगळं निळंशार! कपडे धुण्याच्या पावडरीची करामत, दुसरं काय? त्यावर कुशाबाईंचा आवाज आलाच: "पोरी, एवढी शिकलीस ती आबाला पेटवायला व्हय?"

आपण पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत. तेवढ्यात कुशाबाई पुन्हा कडाडल्या, "हिरवा उजेड दाव. त्याबिगर मी हितनं उठत न्हाय."

अजून उठलेल्या नाहीत. आबा म्हणतात, परत भट्टीत घालू. आबा, हात जोडतो! मॅडमनी आत्ताच निरोपाची शाल माझ्याकडं परत दिली आहे. सोमवारपासून त्या पुन्हा प्रयोगशाळेत, भरलेल्या जागा रिकाम्या करायला. आधी आईला उजेड, मग निरोप. नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतला. तो वाजवलेला आहे.

असो. आपण सर्व आलात, ऋणी आहे. कार्यक्रमात काही उणिवा राहिल्या असतील, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि आबा, पाया पडतो, त्या भरून काढू नका.