केरू मांडवकर पुन्हा शांघायला निघाले त्या निमित्ताने

सन्माननीय अध्यक्ष वकील आप्पासाहेब, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापिका आनंदीबाई, तालमीचे चालक मंडळ, भरतीची वेळ सोडून मिरकरवाड्याहून आलेले दर्यावर्दी बांधव, समोर बसलेल्या माता-भगिनी, आणि माझ्या तालमीत ज्यांनी माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या असे या सभेतले सर्व प्रतिष्ठित गृहस्थ,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी आजच्या सत्कारमूर्तीला, म्हणजे आमच्या केरूला, फार सुंदर शुभेच्छा दिल्या. चिनी मर्दानी विद्येच्या पुढील अभ्यासासाठी तो परदेशी निघाला आहे, असे त्यांनी सांगितले. तसे निमंत्रणातही छापले आहे. अध्यक्षमहाराज, मी या तालमीचा वस्ताद. पोरांना खोटा डाव शिकवला नाही, तेव्हा या वयात खोटे भाषणही जमणार नाही. केरू शिकायला चाललेला नाही.

पहिल्या वेळी गेला, तो मात्र शिकायलाच. म्हणजे, निघाला होता बोटीवर आगवाला म्हणून, बॉयलरमध्ये कोळसा टाकायला. शांघायला बोट दुरुस्तीसाठी अडकली. तिथे पहाटे नदीकाठी त्याने एक म्हातारा पाहिला. लू त्याचे नाव, धंद्याने सुतार. तो एकटाच अगदी सावकाश हातपाय हलवत होता. केरू पाहत राहिला, आणि बोट गेली तरी हा तिथेच. रात्री एका गोदामावर पहारा करायचा आणि पहाटे म्हाताऱ्याकडे जायचे. पहिल्या वर्षी लू गुरुजींनी काय शिकवले? नुसते उभे राहायला. मला कळले तेव्हा मी म्हणालो, त्यासाठी समुद्र ओलांडायला हवा होता काय? आमचा मलखांब काय मोडून पडला होता?

तीन वर्षांपूर्वी तो परतला आणि याच तालमीत त्याने ती विद्या दाखवली. आपल्यापैकी पुष्कळजण हजर होते. गुडघाभर पाण्यातून चालावे तसा तो हळूहळू चालू लागला, तेव्हा मागून कोणीतरी विचारले, "केरू, जेवलास ना रे?" सगळी तालीम हसली, मीही हसलो. मग तो मला म्हणाला, "वस्ताद, ढकला मला." मी ढकलले. पुढचे मला नीट सांगता येणार नाही, कारण मी कोपऱ्यातल्या तांबड्या मातीत बसलो होतो आणि दोन पोरे माझा फेटा शोधत होती. त्या दिवशी मी ठरवले की माझ्यामागे ही तालीम केरूने चालवायची. चालक मंडळाने ते मान्यही केले होते. माझा तेवढा एकच स्वार्थ होता. तो आज बंदरावर सोडून यायचा आहे.

आता मूळ गोष्ट. केरूचा बाप वारला, म्हणून तो परत आला. आई मैनाबाई एकटी, भाताची खाचरे पडून राहिलेली. पुन्हा चीनला जायचे त्याच्या मनातही नव्हते. शांघायहून निघताना तो लू गुरुजींच्या पाया पडला. आणि मंडळी, पाया पडून आपण काय म्हणतो? "येतो." तो हेच म्हणाला, त्यांच्या भाषेत. म्हाताऱ्याने विचारले, "येतोस?" हा म्हणाला, "हो, येतो, येतो." आपण उंबऱ्यात उभे राहून म्हणतो तसे. यात खोटे काय आहे? शब्द चिनी होते, पण केरू मराठीच बोलला. लू गुरुजींना ते कसे कळावे? ज्या देशात जाणारा माणूस "जातो" असेच म्हणतो, तिथे त्यांनी ते वचन म्हणून घेतले.

गेल्या श्रावणात तिथे लढाई पेटली. त्याच तोंडावर आमचे रावजी मयेकर, ते पाहा, खांबाशी बसले आहेत, त्यांची बोट शांघायला होती. केरूची ओळख म्हणून ते म्हाताऱ्याच्या वस्तीत गेले. लोक बोचकी घेऊन पळत होते आणि लू गुरुजी दारात स्टूल टाकून बसले होते. शेजारी हाताला धरून ओढत होते. रावजींनी इथे आल्यावर केरूला सांगितले ते शब्द असे: "म्हातारा हलत नाय रे. म्हणतो, पोरगा येतो म्हणून गेलाय. आला नि घर बंद दिसलं, तर मला शोधील कुठं?"

दिवाळीनंतर ती वस्ती जळाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली.

रावजींनी केरूला समजावले. आप्पासाहेबांनी कायद्याच्या गोष्टी सांगितल्या. मी तर शिव्यासुद्धा दिल्या. म्हटले, अरे, घर नाही, दार नाही, म्हातारा गेला असेल. तो म्हणाला, "आसल, वस्ताद. पन बसला आसल तर?"

हाँगकाँगपर्यंत त्याला आगवाल्याची जागा मिळाली आहे. तिथून पुढे कसा जाणार, हे मी विचारले नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नाही. आपण आज ज्याला नारळ दिला तो परत येईल असे मला वाटत नाही. या सभेत कोणाला तसे वाटत असेल तर मला त्याचा हेवा वाटतो.

आज सकाळी मी त्याच्या घरी होतो. तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आये, जातो."

आपल्या घरांत असे कोणी बोलले तर आपण काय करतो, हे मी सांगायला नको. मैनाबाईंचा हात त्याच्या तोंडापाशी गेला. मला वाटले, आता त्या त्याला शब्द बदलायला लावतील. त्यांनी तो हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. येतो म्हनलास तर मी बी दारात बसून ऱ्हाईन."

ती माऊली पहिल्या रांगेत बसली आहे. तिच्यासमोर मी आणखी काय बोलणार?

चालक मंडळाने मला ही संधी दिली, सभेने शांतपणे ऐकले, त्याबद्दल मी ऋणी आहे. मंगल प्रसंगी अभद्र बोललो, ते या म्हाताऱ्याच्या पदरात टाकून आपण मोकळे व्हावे. शेवटी एक विनंती. आता आपण सगळे भगवती बंदरावर जाऊ. त्याला बोटीवर नेणारा पडाव सुटताना सवयीने आपल्या तोंडी येईल, तेव्हा ओठ आवरावेत. त्याला कोणी "ये हो" म्हणू नये.