कारल्याच्या हळदीला यायचं हं!

...आणि वर मलाच विचारतात, "जयदेवकाका, विनोदी बालनाट्य तर निवडायचं होतं, त्यात एवढं दमायला काय झालं?" काय झालं? अहो, रडवायचं नाटक असतं ना, तर मी चहा पिता पिता निवडून दिलं असतं! एक आई घ्या, तिला खोकला द्या, झालं, पहिली रांग पदर लावते डोळ्याला! पण पोरांना हसवायचं म्हणजे... तुम्हाला सांगतो, मी आनंदनगरला कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, दिवसभर नट-बोल्ट गेजला लावतो, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट, भानगडच नाही! पण पोरांच्या हसण्याला गेज कुठून आणू मी? मुलं कशाला हसतील, सांगता येत नाही!

आता आमचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला. गावदेवीची जत्रा भरते, तिची पहिली संध्याकाळ मुलांच्या नाटकाची, आणि ते नाटक बसवणार कोण, तर मी! का? तर तरुणपणी अंबरनाथला एका एकांकिकेत मी हवालदार झालो होतो. दोन वाक्यं होती हो मला! पण गावात तेव्हापासून "जयदेव नाटकातला माणूस आहे", झालं, शिक्काच बसला. तर गेल्या वर्षी मी नाटक घेतलं पाणी वाचवण्यावर. संदेश होता ना त्यात! इतका संदेश होता, इतका संदेश होता, की नळाचं काम करणारा पोरगा स्टेजवर जांभई द्यायला लागला. नळ जांभई देतोय! प्रेक्षक एकेक करून पाळण्याकडे सटकले, शेवटी समोर उरलेला माईकवाला, आणि तो का उरला, तर माईक त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी जत्रा कमिटीचे अध्यक्ष दौलतराव भेटले. भला माणूस, पण बोलायला लागला की हातातल्या किल्ल्या वाजवतो. "जयदेव, तुला म्हून सांगतो. यंदा झाला तो झाला. पुढल्या जत्रेला लोकं बसली पायजेत, हसली पायजेत. नायतं बालनाट्य बंद. ऑर्केस्ट्रा आनतो, विषय संपला." आणि किल्ल्या छन्न! मी म्हटलं, बंद तर बंद, माझं काय जातं, माझा घसा तरी वाचेल... पण घरी आलो तर ओट्यावर तेजस्वी बसलेली. चौथीतली पोरगी, माझी हिरॉईन, पाठांतर एवढं की दुसऱ्यांची वाक्यंपण हीच बोलते. "काका, ऑर्केस्ट्रा आला तर आमी कुठं उभं राहायचं?" असं विचारलं तिने. वर्षातनं एकदा ही पोरं त्या फळ्यांवर चढतात, आणि तिथे कोणीतरी ऑर्केस्ट्रावाला चमचमता कोट घालून उभा राहणार? म्हटलं, बाळा, पुढल्या जत्रेला असं नाटक काढतो की दौलतरावांच्या किल्ल्या गळून पडतील!

बोलून बसलो! मग शोधा नाटक. ग्रंथालयातनं गठ्ठा आणला आणि ओट्यावर पोरांना बसवून वाचायला सुरुवात केली. पहिलं नाटक, विसरभोळा राजा. मी राजाचा आवाज काढतोय, प्रधानाचा काढतोय, राणीचा तर असा नाजूक काढतोय की शेजारची म्हैस वळून बघते... पोरं ढिम्म! सनी नावाचा एक गोलमटोल पोरगा आहे, तो म्हणाला, "काका, राजाला मोबाईलमध्ये रिमाइंडर लावायला सांगा ना." संपलं नाटक! दुसरं घेतलं भुताचं. तर किर्ती मॅडम, नवीन टॉवरमध्ये राहतात, त्यांची मुलगी आमच्यात येते, त्या म्हणाल्या, "सर, घोस्ट नको हं, रात्री बाथरूमला मला सोबत जावं लागतं." तिसरं वाचायला घेतलं आणि माझ्या खुर्चीचा पाय मोडला. मी असा... असा आडवा! चष्मा इकडे, पुस्तक तिकडे, आणि पोरं? लोळतायत हसून! सनीला तर उचकी लागली. "काका, परत करा ना!" परत करा म्हणे! माझी कंबर आहे की आयटम? मुलं कशाला हसतील, सांगता येत नाही, हेच खरं!

मग चिडलो आणि स्वतःच लिहिलं. विषय साधा. कारल्याची हळद आहे, भेंडीशी लग्न ठरलंय, पण कारलं पडलं कडू, त्यामुळे एकही भाजी त्याच्या हळदीला येत नाही. मांडव रिकामा. कारलं रडतं. भेंडी म्हणते कोणी आलं नाही तर लग्न मोडलं. मग भोपळा येतो, वांगं येतं, सगळे येतात, कारलं कडू असलं तरी आपलंच आहे, पडदा! संदेश टाकला होता, पण शेवटी, चिमूटभर. कारलं सनी, भेंडी तेजस्वी. विनोद तर असे पेरले होते मी, असे पेरले होते, ओळीला एक!

आता कपडे. उल्हासनगर कॅम्प एकला सिंधी हरेशभाईंचं ड्रेपरीचं दुकान आहे, नाटकाचे कपडे भाड्याने देतात, तिथे गेलो. "साईं, बोलो! परी है, वाघ है, मावळा है, डॉक्टर है." म्हटलं, कारलं पाहिजे. "कारला? साईं, वो तो सब्जीवाले के पास मिलेगा!" मग आत गेले, बराच वेळ खुडबुड, आणि बाहेर आले ते मगरीचा ड्रेस घेऊन. "देखो, हरा है, ऊपर दाने-दाने है, पूंछ अंदर मोड़ दो, हो गया ना कारला? पोरं खूश, तुम्ही खूश!" आणि खरं सांगू, दिसलं हो कारल्यासारखं! फक्त सनी वळला की शेपूट बाहेर यायची.

इथपर्यंत ठीक होतं. घोळ केला प्रीतमने. प्रीतम म्हणजे आमच्या गावचा बॅनरवाला. वाढदिवस असो, साखरपुडा असो, कोणी दहावी पास होवो, बॅनर प्रीतमचा. त्याला मी सांगितलं, "बाबा रे, नाटकाचं नाव 'कारल्याची हळद', खाली बालनाट्य, तारीख, वेळ, मैदान. साधा बॅनर कर." त्याने काय केलं? नेहमीचं हळदीचं टेम्प्लेट उघडलं! वर गावदेवीचा फोटो, मध्ये सनीचा गॉगल घातलेला फोटो, आजूबाजूला झेंडू, आणि ही एवढी अक्षरं, "हळदी समारंभ", खाली "आग्रहाचं निमंत्रण, समस्त गावकरी"... आणि 'बालनाट्य'? ते झेंडूच्या खाली गेलं! मी ओरडलो, तर शांतपणे म्हणतो कसा, "काका, टेन्शन नका घेऊ. बालनाट्य वाचून कोण येतं? हळद वाचून पब्लिक येते. मी व्हॉट्सॲपला पण टाकलंय, सगळ्या ग्रुपवर!"

आता आमच्याकडे हळद म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. लग्न एक वेळ चुकेल, हळद चुकायची नाही! लग्नाला घरटी एक जण गेला तरी चालतं, हळदीला अख्खं घर, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे! आणि कोणाची हळद आहे हे विचारत बसायची पद्धतच नाही, तारीख विचारायची आणि साडी काढायची.

झालं! जत्रेची पहिली संध्याकाळ. मी पडद्याच्या फटीतनं बघतो तर... पिवळं! नुसतं पिवळं! पिवळ्या साड्यांच्या रांगाच्या रांगा, अंबरनाथहून पाहुणे, धरणाकडच्या पाड्यांवरनं टेम्पो भरून बाया, कोपऱ्यात बँजोपार्टी, तिला कोणी बोलावलं देवाला ठाऊक! आणि पहिल्या रांगेत मधोमध सगुणाबाई. सगुणाबाई म्हणजे आमच्या पंचक्रोशीची धवलारीण, लग्नात धवले गायचा मान तिचा, तिने गायल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाही. ती आपली गाणारी जोडीदारीण बनूबाई घेऊन हजर! दौलतराव फेटा बांधून आले. "जयदेव, कोनाची हलद हाय रं?" म्हटलं, कारल्याची. "कारले? आपल्या गावान कारले कुठले? भाडोत्री हायेत का?" मी त्यांना खुर्ची दाखवली आणि परत फटीला डोळा लावला. ही एवढी माणसं नाटक निघालं म्हणून उठून गेली, तर संपलंच, ऑर्केस्ट्राच! फटीतनं मागे वळलो तर तेजस्वी भेंडी होऊन उभी, हात जोडून पुटपुटतेय. देवीला नवस करत असेल म्हटलं, तर वाक्यं पाठ करत होती, सनीची!

पडदा उघडला. पहिला विनोद... शांत. दुसरा... शांत. ओळीला एक विनोद पेरला होता ना, ओळीला एक शांतता उगवली! मागनं एक आवाज, "जेवान कवा हाय?" मी विंगेत उभा राहून घाम पुसतोय. आणि सनी पुढे आला, शेपूट सावरत, रडवेला चेहरा करून बोलला, "कोणीच नाही आलं माझ्या हळदीला! मी कडू आहे ना, म्हणून एकपण माणूस नाही आला!"

सगुणाबाई ताडकन उभी राहिली.

"आरं बाला! येकपन मानूस नाय? मंग आमी कोन हाव? इथं पाय ठेवाला जागा नाय आन् तू म्हंतस कोन नाय आला?"

सनी बिचारा प्रामाणिक, गोंधळला. माझ्याकडे बघतो, तिच्याकडे बघतो. "आजी, तुम्ही नाटकात नाही आहात!"

"नाटकान नाय रं, हलदीन हाव आमी!"

फुटलं हो मैदान! असा हशा, असा हशा, की मागे पाळणेवाल्याने पाळणा थांबवला. सनीला वाटलं आपलं चुकलं, म्हणून त्याने तेच वाक्य परत म्हटलं, जोरात, "कोणीच नाही आलं!" तर अख्खं मैदान एका सुरात, "आलोऽऽ!" इतक्यात भेंडीची एंट्री. तेजस्वी आली, कमरेवर हात, "कोणी आलं नाही, तर हे लग्न मोडलं!" आणि सगुणाबाई कासोटा खोचून थेट स्टेजवर! "मोडतंय कसा ता बघतंय मी! बनू, चल गो!" आणि धवला सुरू. कारल्याचं नाव घालून, भेंडीचं नाव घालून, आयत्या वेळी जुळवत गेली बाई, कारल्याची आय कोण, मामा कोण, सगळं! बायांनी सनीला पाटावर बसवलं, बनूबाईने पिशवीतनं हळद काढली, खरी, वाटलेली, आणि त्या हिरव्या तोंडाला चोळली. पाटावर बसताना शेपूट बाहेर आली, तर तिलापण लावली! भोपळा वाट बघत होता एंट्रीची, त्याला ओढला. वांग्याला ओढलं. मला... मलापण! बँजो सुरू, पडदा ओढणारा पडदा सोडून नाचतोय, ड्रेस परत न्यायला आलेले हरेशभाई ओरडतायत, "साईं, मगर का ड्रेस, ड्राय क्लीन करना पड़ेगा!" आणि ओरडता ओरडता त्यांचाच हात वर, तेपण नाचात! आणि पोरं, तुम्हाला सांगतो, समोरची दोन-अडीचशे पोरं पोट धरून, एकमेकांच्या अंगावर पडून हसतायत. माझ्या एकाही विनोदाला नाही हो! एकाही नाही! मुलं कशाला हसतील, सांगता येतं का राव?

पण नाटक राहिलं ना! शेवट राहिला! तेजस्वी माईकजवळ गेली, बोलायला तोंड उघडलं की बँजो. परत उघडलं, बँजो. शेवटी त्या एवढ्याशा पोरीने आवाज लावला, "थांबाऽऽ! आमचं नाटक संपायचंय!" गप्प! बँजो गप्प, मैदान गप्प, दौलतराव नाचता नाचता एका पायावर गप्प. आणि ती सावकाश बोलली, "कारलं कडू आहे. पण आपलं आहे. आपल्या माणसाच्या हळदीला यायचं असतं." बस्स. नमस्कार केला तिने. आणि जे कडाडलं ना मैदान... मी विंगेत तोंड फिरवून उभा राहिलो. डोळ्यात हळद गेली होती, असं सांगितलं सगळ्यांना.

दौलतराव माईकवर आले. मिशा पिवळ्या, फेटा सुटलेला, किल्ल्या कुठे पडल्या त्यांनाच माहीत नाही. "मंडली, ऑर्केस्ट्रा क्यान्सल! बालनाट्य चालू राहील! पोरांनो, तुमची संध्याकाळ तुमचीच!" पोरांनी असा आरडाओरडा केला की माझ्या अंगावर काटा आला. तेजस्वी आणि सनी हात धरून गरागरा फिरतायत, भेंडी आणि कारलं. मी म्हटलं, जिंकलो! वर्षभर आता शांत झोपायचं!

तोच सगुणाबाईने माईक घेतला. "पन येक आयका. हलद लागलेला नवरा वरीसभर घरान बशवीत नस्तात. म्हैन्याभरान लगीन काडा." आणि सगळं गाव, "बरोबर हाय, बरोबर हाय!" दौलतराव म्हणाले, "जयदेव, लाग तयारीला!" अहो, तयारीला लाग म्हणजे काय? वर्षाला एक नाटक निवडता निवडता माझी खुर्ची मोडली, आणि आता महिन्याभरात दुसरं? मी म्हटलं, अहो, ते नाटक होतं, कारलं आहे ते! तर म्हणतात, "मंग? कारल्याचं लगीन लावाचं नाय?"

बरं, तिथेही थांबलं नाही. परवा बाजारात तेजस्वीची आजी गोजरबाई भेटल्या. मी आपला नमस्कार केला, तर बाईंनी तोंड फिरवलं! म्हटलं, काय चुकलं? तर म्हणाल्या, "आमी भेंडीकडची माणसं. तारीख तुमी परस्पर ठरवताव, मुलीकडच्यांना इचारायची रीत हाय का नाय? घरी येवाला नको?"

घरी आलो, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पेढ्याचा बॉक्स घेतला... आणि गेलो की! सतरंजीवर बसलो, चहा घेतला, मान खाली घालून हो हो म्हणालो.

काय करणार? कारल्याचा बाप ना मी!