डाळीतला ड्रॅगन

फादर, जो माणूस जगात नाहीच, त्याने नकळत मटण खाल्लं तर त्याचा नवस मोडतो का हो? — नाही नाही, वारला नाही, नाहीच म्हणजे जन्मलाच नाही, नुसता वहीत आहे. तुम्ही बसा ना. पवित्र पाणी ठेवा तिथे टीपॉयवर, घर काही कुठे जात नाही, आशीर्वाद पाच मिनिटांनी दिलात तरी चालेल — आणि पाय जरा वर घ्या, सोफ्याखाली कोंबडी आहे. चोच मारत नाही ती, पण तुमचा झगा पांढरा आहे म्हणून आपलं सांगितलं. तिचं नंतर सांगते. आधी त्या योद्ध्याचं.

म्हणजे असं झालं — माझ्या नवऱ्याच्या, आलोशियसच्या, बहिणीची मुलगी, ॲनिशा, इंजिनिअरिंगला आहे, तिने हा खेळ घरात आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं बसायचं आणि बोलायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुणाला काय जमलं, काय नाही जमलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. फासे बघून मला आधी वाटलं जुगारच — मी तसबिरीतल्या येशूसमोर फुलदाणी सरकवून ठेवली, त्याला दिसायला नको. हसताय तुम्ही. मग कळलं की जुगार नाही, तेव्हा सरकवली परत. आता आलोशियसचं म्हणाल, तर तो रिटायर झाल्यापासून गप्पच. पस्तीस वर्षं कारखान्यात माल तपासला — हा पास, हा नापास, हा पास — आणि आता तपासायला उरलं काय, मी आणि वाडीतली केळी. ॲनिशा म्हणाली, मामा, तुम्ही पॅलाडिन व्हा. पॅलाडिन म्हणजे देवाची शपथ घेतलेला योद्धा. शपथ पाळली की देव त्याला शक्ती देतो, जखमी माणसावर नुसता हात ठेवला की तो बरा. आणि शपथ मोडली की शक्ती गेली. मग काय राहिलं? नुसता पत्रे घातलेला माणूस. तर ती म्हणाली, तीन-चार नियम लिहा वहीत. आलोशियसने एकतीस लिहिले. समास आखून.

खोटं बोलणार नाही. पाठीमागून वार करणार नाही. झोपलेल्याला मारणार नाही — या एका नियमापायी, फादर, तीन तास सगळे एका राक्षसाच्या उशाशी बसून राहिले, तो जागा व्हायची वाट बघत! आणि जागा झाल्यावर काय, त्याने एकेकाला उचलून नदीत टाकलं. ॲनिशा कपाळाला हात लावून बसली. आलोशियस म्हणतो, ठीक आहे, भिजलो, पण नियमात भिजलो. आणि सतरावा नियम — उपवासकाळात मटण, मासळी, अंडं तोंडाला लावणार नाही. ॲनिशा म्हणाली, मामा, त्या जगात उपवासकाळ नसतो, त्या जगात येशूच नाहीये. तर हा म्हणाला, येशू नसेल, पण शिस्त तर असेल?

चहा घ्या ना. साखर कमीच घातलीय.

तर दर शुक्रवारी, चर्चमधली क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाली की हे तिघं बसतात. तिसरा कोण? सुमेध, ॲनिशाच्या वर्गातला, फुलपाड्याहून येतो बसने, तो जादूगार आहे. खेळातला. एका शुक्रवारी काय झालं — बर्फाचा डोंगर, खायला काही नाही, हा योद्धा भुकेने आडवा झालेला, शुद्ध नाही. आणि खायला एकच गोष्ट — आदल्या आठवड्यात मारलेला ड्रॅगन. सुमेधने त्याचा रस्सा केला, पेजेत मिसळला आणि योद्ध्याला चमच्याचमच्याने पाजला. वर सांगितलं, अळंब्यांची पेज आहे. योद्धा उठून बसला. दोन आठवडे सगळं छान चाललं. आणि मग सुमेध गमतीत बोलून गेला — काका, तुम्ही ड्रॅगन खाल्लाय, ठाऊक आहे का?

आलोशियसने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, माझी शक्ती गेली.

आता वेळ अशी, फादर, की तेव्हाच त्या जादूगाराला साप चावलेला. मरायला टेकलेला. याने नुसता हात ठेवायचा. पण हा म्हणे, हात आहे, शक्ती नाही. सुमेध म्हणाला, काका, ड्रॅगन तळ्यात राहायचा, खवले होते, म्हणजे मासाच झाला. मासळीही बंद आहे, आलोशियस म्हणाला. बरं, तो अंड्यातून येतो. अंडंही बंद. अहो काका, पण तुम्हाला ठाऊक नव्हतं! तर याने काय म्हणावं? — डोक्याला ठाऊक नसेल, पोटाला ठाऊक असतं. दोन शुक्रवार हेच. तो पोरगा खुर्चीत मरून पडलेला, मी तळलेले फुगे खातोय आणि भांडतोय. शेवटी ॲनिशा म्हणाली, मामी खेळत नाही, मामी कुणाच्या बाजूची नाही, मामी निकाल देईल.

मी! दहावी झालेली बाई. मी म्हटलं, मला आठवडा द्या.

तुम्हाला वाटत असेल, कॅथरिनबाई खेळातल्या माणसासाठी आठवडाभर कसला विचार करतेय. नाही केला हो त्याच्यासाठी. म्हणजे केला, पण — तुम्ही या धर्मग्रामात नवीन, तुम्हाला माहीत नसणार. सहा वर्षांपूर्वी माझ्या पोटात गाठ निघाली होती. मोठी, नारळाएवढी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आलोशियस अल्तारासमोर गुडघ्यांवर बसला आणि नवस बोलला — कॅथरिन वाचू दे, मरेपर्यंत उपवासकाळाचे चाळीसही दिवस मटण-मासळी-अंडं बंद. मी वाचले. गाठ साधी निघाली. तेव्हापासून हा चाळीस दिवस डाळभात, डाळभात. सोमवार नाही, रविवार नाही. सतरावा नियम तिथून आलाय.

आणि मागच्या उपवासकाळात त्याला टायफॉइड झाला.

आजाऱ्याला सूट असते, मला ठाऊक आहे. आधीच्या फादरांनी घरी येऊन समजावलं. हा म्हणे, सूट उपवासाला असते, नवसाला नसते. पेज गिळेना, हाडं वर आली, मला ओळखेना झाला एकदा — माझ्याकडे बघून म्हणाला, हा माल परत पाठवा. मग मी — अहो, मी काय करणार होते? — बाजारातून गावठी कोंबडी आणली, मागच्या दाराने, तीन तास उकळली, गाळली, आणि ते पाणी त्याच्या डाळीत. अकरा दिवस. विचारलं त्याने, आज डाळ निराळी लागतेय. मी म्हटलं, भोपळ्याचं पाणी घातलंय.

उठला तो. आणि उठला तो काय, सगळ्या गावाला सांगत सुटला! तापातही नवस मोडला नाही, नवसानेच तारलं. प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली, फादर, माइकवर. बाया रडल्या. मग त्याच बाया माझ्याकडे, कॅथरिन, ती डाळ कशी केलीस? मी सगळ्यांना भोपळा सांगितला. शेजारच्या ज्युलीने सासूला महिनाभर भोपळ्याचं पाणी पाजलं, म्हातारी म्हणाली यापेक्षा ताप बरा.

तर मला सांगा. नवस माझ्यासाठी होता. मोडला असेल तर मी मोडला, आणि त्याला तर ठाऊकही नाही. मग काय होतं? गाठ परत येते का? — असं हसण्यावारी नेऊ नका, मी रात्री पोट चाचपून बघते. एकदा वाटतं देव असा हिशेबी नसेल. मग वाटतं, आलोशियस आहे ना तसा, मग देव का नसेल?

म्हणून आठवडाभर विचार. आणि शुक्रवारी मी चांगली साडी नेसून बसले, त्या खुर्चीत, आणि निकाल वाचला. कागदावर लिहिलेला. योद्ध्याचा दोष नाही. त्याने मनाने शपथ पाळली, शक्ती त्याचीच. दोष मिसळणाऱ्याचा. इथपर्यंत नीट झालं. पण सुमेध म्हणाला, अहो काकू, मी तर जीव वाचवला त्याचा! आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी कागद सोडला आणि म्हणाले — हो ना, मग मरू द्यायचं होतं का? एकशे तीन ताप होता! कोंबडीचं पाणी घातलं नसतं डाळीत तर आज तो इथे बसला असता का?

ॲनिशा म्हणाली, मामी, पेजेत. ड्रॅगन. आणि ताप कुठून आला?

मी म्हटलं, तेच ते, ड्रॅगन.

आलोशियसने फासा हातात फिरवला, फिरवला, मग विचारलं — जजबाई, त्या मिसळणाऱ्याने आता काय करावं? मी म्हटलं, सांगून टाकावं. तो म्हणाला, केव्हा? मी म्हटलं, धीर झाला की. बरं, म्हणाला. वहीत लिहून घेतलं, बत्तिसावा नियम. मग हात पुढे करून सुमेधच्या डोक्यावर ठेवला, खराखुरा, आणि फासा टाकला. एकोणीस. पोरगा जिवंत.

एवढंच. आता तुम्ही सांगा — थांबा, फाटक वाजलं. आलाच तो वाडीतून. त्याच्यासमोर काही बोलू नका हं, फादर. तुम्ही उठा, पाणी शिंपडायला घ्या, आधी स्वयंपाकघर, मग ही खोली. कोंबडीवरही शिंपडा थोडं, तिने काल अंडं घातलंय, आणि ते कुणी खायचं याचाही निकाल अजून लागलेला नाही. — तिचं सांगायचं राहिलंच, नाही का? निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आलोशियस आगाशीच्या बाजारात गेला, ही जिवंत गावठी कोंबडी आणि एक भोपळा घेऊन आला, दोन्ही माझ्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, आणि पेपर उघडून बसला.