अठरा अंगणांतलं झाड

(ऑगस्ट. बल्गेरियातल्या त्रोयानजवळची झाडांच्या रोगांची प्रयोगशाळा. मायक्रोस्कोपपाशी मेतोदीची विधवा दोब्रिंका; शेजारी तिची पुतणी विलियाना, इथं कामाला असलेली.)

दोब्रिंका : काही दिसत नाही गं. काळंकुट्ट आहे सगळं.

विलियाना : काकू, डोळा मिटलाय तुम्ही. उघडा!

दोब्रिंका : हां... हिरवे खांब दिसतायत. एकाला एक खेटून.

विलियाना : त्या पेशी. आलुबुखाराच्या निरोगी पानातल्या. त्यांतले हिरवे दाणे उन्हावर झाडाचं जेवण रांधतात. आता ही दुसरी काच बघा.

दोब्रिंका : अगंबाई! खांब बसलेच की. बुटके, वेडेवाकडे. दाणे थोडे, आणि तेही फिके, फुगलेले.

विलियाना : पानावर फिकट वर्तुळं उमटतात ना, तिथं आत असं होतं. विषाणू पेशीत शिरतो आणि तिलाच आपल्या कामाला जुंपतो. शारका म्हणतात तो रोग हाच. झाडाच्या देवी.

दोब्रिंका : देवी आल्या की माणूस अंथरूण धरतं. आमचं झाड चांगलं ताठ उभं आहे. फळं जरा आधी गळतात, डागही असतात. पण तुझा काका गेला तेव्हा सगळा गाव त्याच फळांची दारू, आपली राकिया, प्यायला. कुणाला काही झालं?

विलियाना : माणसांना नाही होत. झाडांनाच होतं.

दोब्रिंका : मग औषध सांग ना.

विलियाना : औषध नाही. तोडायचं.

दोब्रिंका : डोकं फिरलंय का तुझं? अठरा पोरांचा धर्मपिता होता मेतोदी! प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याला त्या पोराच्या अंगणातल्या रोपावर त्याच झाडाचा डोळा भरून कलम केलं त्यानं.

विलियाना : त्या डोळ्याबरोबरच रोग गेला, काकू.

दोब्रिंका : चाकू राकियात बुडवून घ्यायचा तो!

विलियाना : चाकूवर नव्हताच. डोळ्याच्या आत होता.

दोब्रिंका : म्हणजे द्यायला गेला आशीर्वाद आणि... मला काही समजेनासं झालंय. रविवारी तुझ्या बाळाचा, बोरिलचा बाप्तिस्मा. ओल्या फडक्यात फांदी घेऊन आलेय मी.

विलियाना : म्हणून तर आजच बोलावलं.

दोब्रिंका : थांब. तू मागवलेली आमच्या झाडाची पानं अजून माझ्या रुमालातच आहेत. मग त्या दुसऱ्या काचेवर कुणाच्या झाडाचं पान?

विलियाना : माझ्या अंगणातलं. काकांनी माझ्या बाप्तिस्म्याला लावलेलं.

दोब्रिंका : मग आमचं ठीक असेल की!

विलियाना : सोडा बघू गाठ.

दोब्रिंका : ...आहेत गं वर्तुळं. सगळ्या पानांवर आहेत. तुला तुझ्या झाडाचं कधी कळलं?

विलियाना : मे महिन्यात.

दोब्रिंका : आणि अजून तोडलं नाहीस? लोकांना सांगतेस ती?

विलियाना : रोज संध्याकाळी कुऱ्हाड काढते, काकू. त्याच्याखाली थोडा वेळ उभी राहते. मग परत ठेवून देते.

दोब्रिंका : ते पहिलं पान कुठलं होतं?

विलियाना : इथल्या जाळीघरातलं. तपासलेल्या झाडाचं.

दोब्रिंका : त्याची एक फांदी दे मला रविवारसाठी. चाकू मेतोदीचाच आणीन. आणि जाताना तुझ्या घरावरून जाऊ.

विलियाना : कशाला?

दोब्रिंका : कुऱ्हाड घ्यायला. आधी माझं तोडू. मग तुझ्यापाशी मी उभी राहते.