पिशवीला पिशवी

अकरा मार्च. सकाळपासून ढगाळ, उकाडा, वारा नाही.

— नाही नाही, उठू नका हो भाऊ, बसा. मीच सरकते. आणि ते पाकीट ठेवा आत, भीक मागत नाहीये मी. मघाशी माझं बोलणं अर्धंच ऐकलंत आणि हात खिशात घातलात. रक्त म्हटलं मी. रक्त. तुमचं. एक पिशवी. ती कोपऱ्यातली खोली दिसतेय ना, जाळीच्या दाराची — तिथे खाटेवर पडायचं, मुठीत रबरी चेंडू दाबायचा, वर चहा-बिस्किट देतात. झालं. दाढीला लागतो तेवढासुद्धा वेळ लागत नाही.

माझी सून आहे वर, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी बाळंत झाली. मुलगी झाली, मुलगी बरी आहे, रडली, दूध ओढलं — पण हिचं रक्त थांबेना. एक पिशवी लावली त्यांनी, आता दुसरी हवीय. दुसरी आहे का? आहे! फ्रीजमध्ये आहे, मी डोळ्यांनी बघितली. पण रक्तपेढीच्या खिडकीतला माणूस म्हणतो, पिशवीला पिशवी. गट कुठलाही चालेल, पण माणूस आणा. त्याचं घेतो, मग आमचं देतो. मी म्हटलं, अहो साहेब, आधी द्या, माणूस आणते मागून. तर म्हणे, मागून कोणी येत नाही, मावशी. आता त्याचंही खोटं नाही म्हणा, येत नसतील लोक — पण ती वर पांढरी पडत चाललीय हो.

घरात कोणी नाही का? विचारणारच तुम्ही. मी आहे की. मीच गेले होते आधी. बोटाला टोचलं आणि थेंब टाकला निळ्या पाण्यात. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर पातळ. माझा तरंगला. जन्मभर संसार तरंगत ठेवला, त्याचं कौतुक नाही कोणाला, आणि इथे म्हणे बुडायला हवं होतं! हसलात ना? हसा. मीही हसले तिथे, काय करणार. मुलगा? मुलगा… तो नाही इथे. कामाला असतो. बाहेरगावी.

तुम्ही औषध कंपनीचे ना? बॅगेवरून वाटलं. मोठ्या डॉक्टरांची वाट बघताय — मग वेळ आहे तुमच्याकडे, ते जेवायला गेलेत. म्हणून तर तुमच्याजवळ आले. नाहीतर ह्या आवारात सगळ्यांना विचारून झालं. एकाने आधीच दिलंय, एकाला साखर आहे, आणि एक तर मला बघूनच चालायला लागला, चप्पल विसरून.

आता म्हणाल, एवढ्या उशिरा कशाला आणलंत? उशिरा नाही आणलं, फिरवत आणलं. आमच्याकडच्या दवाखान्याला इमारत आहे, रंग आहे, पाटी आहे — डॉक्टरीणबाई तेवढी नाही. पहाटे कळा सुरू झाल्या, तिथली नर्स म्हणाली, अंगात रक्त कमी आहे हिच्या, मी हात लावणार नाही, पुढे न्या. रक्त कमी आहे हे आम्हाला का माहीत नव्हतं? लाल गोळ्या मागायला दर खेपेला जात होती बिचारी. संपल्या, पुढच्या वेळी या. पुढच्या वेळी गेलं की मागच्याच वेळी आल्या होत्या म्हणायचे. मग पुढचा दवाखाना. तिथे टेबल आहे, दिवे आहेत, भूल देणारा नाही. पुढे न्या. जसं काही चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल! रिक्षात ती माझ्या मांडीवर, प्रत्येक खड्ड्याला माझा हात आवळायची, पण तोंडातून हूं नाही. इथे पोचलो तर खाट नाही. एका खाटेवर दोघी, हिचे पाय तिच्या डोक्याशी. ती दुसरी ओरडायची, सगळ्या नर्सा तिच्याकडे. ही गप्प. मीच शिकवलं होतं ना — आरडाओरडा करू नकोस, इथे ओरडणारीला टोमणे मारतात, ‘तेव्हा नाही वाटलं का’ म्हणतात. शहाणी, ऐकलं माझं. गप्प पडून राहिली आणि चादर भिजत गेली.

आणि ते समोरचं खाजगी हॉस्पिटल बघताय? काचेचं? तिथे कामाला आहे मी. तळघरात. बाळंतिणींच्या चादरी धुते. रक्ताच्या चादरीला गार पाणी लावायचं, गरम लावलं की डाग पक्का बसतो. सातव्या महिन्यातच विचारलं होतं मुकादमबाईला, आमची सून आणू का इथे, काही सवलत आहे का? आहे म्हणाली, पण स्टाफला. तू कंत्राटाची. म्हणजे बघा, त्यांच्या बायकांचं रक्त रोज माझ्या हाताखालून मोरीत जातं, त्याला कंत्राट चालतं. तिथे कोणाला म्हणत नाहीत हो माणूस आणा म्हणून. फोन करतात आणि खोक्यातून येतं.

काय रे? पाणी नको मला. नको म्हटलं ना! जा, तिकडे झाडाखाली बस. जा.

… कोण? तो होय. तो — बरं, आता ‘आई’ म्हणालेलं ऐकलंतच तुम्ही, काय लपवू? मुलगाच आहे माझा. पैलवान म्हणतात सगळे. दांडगा आहेच. सिलिंडर वाहतो गॅसचे, चार-चार मजले खांद्यावर. बाहेरगावी म्हटलं ते… म्हणजे असतो बाहेर, आज सुट्टी काढली. त्याचं नाही चालत भाऊ. कावीळ झालीय त्याला. म्हणजे झाली होती. कावीळवाल्याचं घेत नाहीत, खिडकीतच सांगितलं त्यांनी. कधी? गेल्या वर्षी… पावसाळ्यात… किंवा त्याच्या आधी असेल. कोणती कावीळ म्हणजे? कावीळ ती कावीळ, तिच्यात काय रंग असतात? असं काय बघताय माझ्याकडे? औषधांच्या धंद्यातला माणूस भेटला हे माझंच नशीब.

नव्हती झाली. झालं समाधान? सर्दीसुद्धा होत नाही त्याला.

थांबा, उठू नका. ऐका तरी. तुम्हाला वाटेल, काय बाई आहे — पण माझं ऐका. ह्याचा बाप असाच होता, ह्याच्याहून रुंद. कारखान्यात कोणी साहेब आजारी पडला, तेव्हा रांगेत उभं करून सगळ्यांचं रक्त घेतलं. ह्याच्या बापाने हसत दिलं. महिन्याभरात खोकला, आणि दिवाळं निघावं तसा माणूस संपत गेला. डॉक्टर म्हणाले क्षय होता, आधीपासून होता, रक्त देण्याशी काही संबंध नाही. नसेल. ते शिकलेले. पण खाटेशेजारी मी होते ना. मी जे बघितलं ते मला कोण विसरायला लावणार? आणि आज तो तिथे खिडकीपाशी बाही वर करायला लागला, दंडावरची शीर ही एवढी फुगलेली — आणि माझ्या तोंडून निघालं, ‘ह्याला कावीळ झाली होती.’ ठरवून नाही हो. पोरगं रस्त्यात धावलं की आपला हात जातो ना, विचार न करता? तसं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी डोळे वटारले. एवढा रेडा, पण आईपुढे शेळी. बाही खाली केली.

वाटलं, मिळेल कोणीतरी दुसरं. एवढी माणसं आहेत आवारात. सून काय, मुलगा काय, दोघंही राहतील. लोभ, दुसरं काय. मुलाची आई एकदा झाली की बाई सुनेची आई होत नाही, असं म्हणतात आणि मी भांडायचे म्हणणाऱ्याशी! नऊ महिने डोकं चेपलंय मी तिचं, तिच्या वाट्याची धुणी धुतलीत. पण वेळ आली तेव्हा बघा.

गेले ना! गेले परत खिडकीत. तुम्हाला काय वाटलं, लाज धरून बसले असेन? म्हटलं, साहेब, खोटं बोलले मी, घ्या ह्याचं, हवं तेवढं घ्या. तर म्हणाला, मावशी, अडलं की सगळ्यांची कावीळ बरी होते. आता लिहिलं गेलंय, मला पुसता येणार नाही. तपासायला पाठवतो, उद्या कळेल. उद्या! पैलवान काचेवर बुक्की मारायला निघाला, मीच धरला. पाया पडले. तो माणूस म्हणाला, उद्या ह्याच्या रक्ताने कोणी आजारी पडलं तर मला विचारतील. आणि त्याचं चूक आहे का सांगा. त्याला काय माहीत, आईसुद्धा असं बोलू शकते.

तिला नाही सांगितलं. मघाशी वर गेले, ओठ ओले केले तिचे. विचारते कशी — ‘आई, ह्यांनी दिलं का?’ मी म्हटलं, हो गं, देतोय. तर म्हणते, ‘मग त्यांना काहीतरी खायला घाला, उपाशी आहेत, चक्कर येईल.’

रडत नाहीये मी. उकडतंय. 

तुम्हाला बायको आहे? नसू दे, बहीण असेल. कोणीच नसू दे, तुम्ही तर जन्मलात ना कोणाच्या तरी पोटी. हे असलं बोलू नये, माहीत आहे, पण बोलायचं तरी काय राहिलंय आता? तुमच्या घरी येऊन जन्मभर चादरी धुवीन. गार पाण्यात.

काय म्हणालात? चला? — खरंच चला? अहो मग ती बॅग द्या इकडे, मी धरते, सांभाळते, नाही पाडणार. डॉक्टर आले तर मी थांबवते त्यांना, पदर पसरून आडवी पडते दारात. इकडून, इकडून, पायरी तुटलीय बघा. पैलवान! अरे ऊठ, माणूस मिळाला! वर धाव, जिन्यावरून सांग तिथल्या बाईंना, माणूस मिळाला म्हणावं, पिशवी आणतोच आता! — ही खिडकी. साहेब, हे बघा, आणलाय. शिकलेला आहे, धडधाकट आहे, कसली कावीळ नाही, मी नाही सांगत, त्यांनाच विचारा. बोटाला टोचतील भाऊ, तेवढं सहन करा, मुंगीसारखं वाटतं.

कोण ओरडतंय जिन्यावरून? वॉर्डातल्या आयाबाई का? अहो बाई, आलो, आलोच, झालंच काम! बाही वर केलीये त्यांनी! — हात का हलवताय? इथे ऐकू येत नाही तुमचं. पैलवान, काय म्हणतायत रे त्या? तू जवळ आहेस. सांग ना.

अरे, तू खाली का बसलास?

*

सून वारली. त्या माणसाचं रक्त घ्यायची वेळ आली नाही. मुलगी जिवंत आहे; वजन सव्वादोन किलो. मुलाच्या रक्ताची तपासणी दुसऱ्या दिवशी आली. कावीळ नव्हती.