पांढऱ्या कपाटामागची भिंत

मंडळी, आज एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, शेजारच्याला कळेल. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्यानं आपल्याजवळ यावं म्हणून आपण काय काय करतो? गोडधोड करतो, नवस बोलतो. देवासाठी मखर करतो, रोषणाई करतो. पण उद्या देवानं विचारलं, 'अरे, हे सगळं छान आहे, पण यातलं तुझं काय?' — तर काय सांगाल?

या, सभामंडपात जरा पुढं सरकून बसा.

मग ऐका. आज राजाराणीची कथा नाही. आज भिंतीला द्यायच्या रंगाची कथा आहे. पेटीवाले बापूसाहेब हसतायत... हसा! ज्याच्या घरी रंगाचं काम निघालंय, तो हसणार नाही. आमच्या घरी निघालं, तेव्हा हिनं विचारलं, कुठला देऊ या? मी म्हटलं, तुला आवडेल तो. त्या उत्तरावरून तीन दिवस अबोला!

तर कराडला सदानंद गुळवणी म्हणून एक गृहस्थ. दूध संघात नोकरी, घरी म्हातारी आई. पहिली बायको उज्ज्वला आजारपणात गेली, तेव्हा मुलगी मैथिली सहा वर्षांची. तिला मावशी मिरजेला घेऊन गेली. दोन वर्षांनी सदानंदांनी दुसरं लग्न केलं. ही कुमुद, कोकणातली, आचऱ्याची.

कुमुदला मूल झालं नाही. आणि नवऱ्याचं मूल होतं, ते मिरजेला. गणपतीला यायची मैथिली, दिवाळीला यायची. वाईट वागायची नाही हो. ताट उचलून ठेवायची, विचारलं तेवढं बोलायची. पण कुमुदला हाक म्हणून मारायची नाही. काकू नाही, मावशी नाही. काही हवं असलं, की समोर येऊन उभी राहायची. आणि दिवाळी संपली, पोर एसटीत बसली, की ही बाई चार दिवस तिच्या वाटीतूनच आमटी खायची. काय म्हणायचं याला? कुशीत नव्हतं ते मूल, पण ओढ तर होती ना!

मैथिलीची सातवी झाली. मावशी म्हणाली, आता हायस्कूल. मे महिन्यात आठ दिवस तिकडे पाठवते. पोरीला तिथं राहावंसं वाटलं तर राहू दे, नाहीतर मिरजेलाच शिकेल. जबरदस्ती नको.

आठ दिवस! कुमुदच्या हातात आठ दिवस. तिनं मागची खोली रिकामी केली. मैथिली एकदा दुकानासमोर रेंगाळली होती, पांढरा पलंग, पांढरं कपाट, पांढरं टेबल बघत. ते तिनं लक्षात ठेवलं होतं. सदानंदांनी ते सगळं घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, पांढरं कशाला, मळेल. सासूबाईंनी म्हणायचंच असतं.

आता राहिल्या भिंती. पांढऱ्या सामानाला कुठला रंग शोभेल? रशीदभाई रंगारी आले. मोठे जाणकार. त्यांनी शेडकार्ड बाजूला ठेवलं, म्हणाले, कागदावर रंग कळत नाही. भिंतीवर हात-हातभर चार चौकोन काढले. फिका पिस्ता, फिका निळा, अबोली, आणि एक कैरीचा. कैरी विळीवर मधोमध कापली की आत दिसतो ना, पांढऱ्यात जरासा हिरवा, तो. कपाट भिंतीला लावलं आणि कुमुदला उंबऱ्यात उभं केलं. सकाळी बघा म्हणाले, दिवेलागणीला बघा, मग सांगा.

तिनं बघितलं. आणि मग मिरजेला फोन लावला. मावशीला विचारलं, उज्ज्वलाताईंना कुठला रंग आवडायचा? मावशी म्हणाली, ताईचा रंग एकच. अबोली.

ठरलं! कुमुद म्हणाली, चारी भिंती अबोली. रशीदभाई कुंचला पुसत म्हणाले, "वहिनी, पांढरं सामान भिंतीचा रंग पितंय. अबोली लावली तर कपाटबी अबोलीच दिसणार. ह्यो कैरीचा लावा. सकाळपासनं तुमची नजर तिथंच थांबतीया."

कुमुद म्हणाली, "माझ्या नजरेचं राहू दे, रशीदभाई. खोली माझी नाही."

मंडळी, इथं जरा थांबा. काय वाईट केलं हिनं? जिच्या जागी आली, तिचा रंग घराला लावते. आपल्याकडे जावेनं निवडलेला पडदा चार दिवस टिकत नाही! मन मोठंच आहे बाईचं. मग चुकलं कुठं?

मैथिली आली. खोलीच्या दारात उभी राहिली. कपाटावरून हळूच हात फिरवला. म्हणाली, "आईचा रंग आहे." एवढंच. पिशवी आत ठेवली. आणि झोपायची वेळ झाली तशी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत, आजीजवळ. पहिला दिवस तसा, दुसरा तसा, पाचवा तसा. नवा पलंग सुरकुतीसुद्धा न पडता तसाच. कुमुद रोज सकाळी त्या चादरीकडे बघायची.

सहाव्या दिवशी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पोर बाजूला बसलेली. कुमुदनं वर न बघता विचारलं, "खोली आवडली नाही का गं?"

मैथिली म्हणाली, "आवडली. पण तिथं झोप येत नाही." मग म्हणाली, "मावशीकडे पण सगळं आईचंच आहे. आईची शाल, आईची पेटी. मला बघितलं की सगळे आईचं बोलतात. मला आईचा चेहरा नीट आठवत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

मंडळी, बारा वर्षांची पोर हो. केवढं ओझं घेऊन हिंडत होती!

ती पुढं म्हणाली, "मला वाटलं होतं, इथं तुमचं काहीतरी असेल. तर इथं पण आईचंच. तुम्हाला कुठला रंग आवडतो?"

चार वर्षं झाली होती लग्नाला. त्या घरात हा प्रश्न कुमुदला कुणी विचारलाच नव्हता! हातातली घडी तिनं मांडीवर ठेवली. मग हळूहळू सांगू लागली. आचऱ्याची मागची पडवी, आई लोणच्याच्या कैऱ्या कापायला बसलेली, घरभर आंबट वास, आणि त्या फोडींचा रंग. सांगता सांगता बाई रडली. पोरीनं घडी घातलेला टॉवेल उलगडून पुढं केला.

दुसऱ्या दिवशी रशीदभाई परत आले. 'मी म्हटलं होतं ना' असं एकदाही म्हणाले नाहीत. हा मोठेपणा बघा. आपल्याला जमला असता? मैथिलीनं सांगितलं, खिडकीची भिंत आईची, ती तशीच ठेवा. बाकीच्या तीन कैरीच्या. दिवसभर दोघी डोक्याला फडकी बांधून रशीदभाईंच्या मागं मागं. संध्याकाळी पहिला हात पुरा झाला.

आणि उजाडला आठवा दिवस, परत जायचा. सदानंद कपडे करून तयार. एसटी नऊची. बघतात तर पोर त्या खोलीत स्टुलावर, कोपराला रंग, पिशवी भरलेलीच नाही. ते म्हणाले, आटप. ती म्हणाली, "बाबा, दुसरा हात राहिलाय. मी कशी जाऊ?"

सदानंद म्हणाले, रशीदभाई देतील की.

"त्यांना एकट्याला नाही कळायचं," पोर म्हणाली. "आम्हा दोघींना बघायला लागेल."

आम्हा दोघींना! स्वयंपाकघरात कुमुदच्या हातातलं उलथनं तिथंच थांबलं. भाकरी करपली. करपू दे, मंडळी, करपू दे.

ही कथा सांगितली की बायका येऊन विचारतात, बुवा, मग पोर तिला आई म्हणाली का? नाही म्हणाली. हायस्कूल सुरू झालं, पोर त्या पलंगावर झोपायला लागली, पण आई अजून म्हणालेली नाही. कुमुद वाट बघते आहे. पण आता ती आपल्या घरात बसून वाट बघते. आधी परक्याच्या घरात बसून बघत होती.

आता आपलं बघू. आपण देवाजवळ जातो, ते कुणाचं घेऊन? आजोबांनी पाठ करून घेतलेलं, शेजारणीनं सांगितलेलं व्रत, माझ्यासारख्या बुवाकडून ऐकलेला भाव. खोटं नाही ते. तीही एक भिंत असू द्या, खिडकीची. पण बाकीच्या तीन भिंती? तिथं तुमचं दुःख, तुमचा राग, तुमच्या कैरीचा वास कुठं आहे? आपण गाभारा सजवतो, आणि तो बिचारा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत! कारण आत सगळं आहे, फक्त तुम्ही नाही.

उचला टाळ. एवढा वेळ माझ्या सुरात म्हटलंत. आता मी गप्प बसतो. आता तुमचा सूर त्याला ऐकू द्या.