उजव्या बाजूचा मासा

नाही, नाही, बूट राहू द्या, तसेच आत या — ही फरशी आई परत पुसणारच आहे, कुणी आलं तरी पुसते, नाही आलं तरी पुसते. तर हा नाचाचा ड्रेस. पिशवीतून काढते थांबा — घ्या, हातात घेऊन बघा, जड आहे ना? चमचम बघून लोकांना वाटतं हलका असेल. आतून पुठ्ठ्यासारखं कडक अस्तर आहे, त्यानेच पोरगी ताठ दिसते. पोरगी ताठ नसली तरी ड्रेस ताठ असतो. तुमची कितीची? बारा — मग बसेल. साइव्ह तेव्हा तेराची होती, पण अंगाने काडी. साइव्ह म्हणजे माझी धाकटी बहीण, ड्रेस तिचा. मी डर्व्हला. जाहिरात आईने टाकलीय, आणि आई आत्ता चर्चमध्ये फुलं लावायला गेलीय, कारण तुम्ही अकराला येणार होतात. तुमची गाडी गेलेली दिसली की येईल.

हा मासा? हो, एकाच बाजूला आहे, उजव्या. उसवलेला वगैरे नाही, पलीकडे नव्हताच कधी. सगळ्या पोरी मोर मागतात, राजहंस मागतात, हिला नदीतला सामन मासा हवा होता. लाँगफर्डच्या शिंपीणबाई आधी हसल्या, मग तीन महिने बसून एकेक खवला टाचला. त्यांचा एक ड्रेस दुसऱ्यासारखा नसतो, अख्ख्या आयर्लंडमध्ये असा दुसरा मिळणार नाही. तेच नडलं.

म्हणजे — तुम्हाला माहीत नाही? मला वाटलं तुमच्या कॅव्हनपर्यंत पोचलं असेल. आईच्या मते तर पोपपर्यंत पोचलंय.

सांगते, त्यात काय. साथीमुळे हॉल बंद होते त्या वर्षी, बहुतेक सगळंच बंद होतं, तर नाचाची स्पर्धा व्हिडिओवर घेतली. घरी नाचा, फोनवर काढा, पाठवा. नियम दोन पानं — एका दमात नाचायचं, जोडतोड चालणार नाही, पाय पूर्ण दिसले पाहिजेत, फोन हलता कामा नये. आम्ही गॅरेज रिकामं केलं, खाली प्लायवूड ठोकलं, मागे पांढरी चादर लावली. आणि फोन धरायला कोण? मी. शाळा सोडलेली ना — शेवटच्या परीक्षेला दोन महिने राहिले असताना सोडली, का ते विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय. पहाटे सहाला वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात जायचं, दोनला सुटायचं. घरात फोनचं काही अडलं की डर्व्हला, अकलेचं काही असलं की डर्व्हला जरा बाहेर जा. शाळा सोडताना मी अक्कलही तिथल्याच कपाटात ठेवून आले, असं यांना वाटतं.

तीन दिवस काढत होतो. एकेचाळीस वेळा. तुमची पोर नाचते म्हणजे तुम्हाला सांगायला नको — बाजा सुरू झाला की लगेच नाचायचं नाही, उजवा पाय पुढे टेकवून, हात अंगाला चिकटवून आठ आवर्तनं नुसतं उभं राहायचं, आणि मग आधी उजव्याने, नंतर तेच सगळं डाव्याने. संपलं की परीक्षकाला वाकायचं, मग वाजवणाऱ्याला. गॅरेजमध्ये परीक्षक म्हणजे माझा फोन आणि वाजवणारा म्हणजे रंगाच्या डब्यावर ठेवलेला स्पीकर. ती त्या डब्याला वाकायची, हो. मी म्हटलं, अगं डबा आहे तो. तर म्हणाली, मग काय झालं, वाजवतोय ना. एकेचाळीस वेळा वाकली. मोजे घसरू नयेत म्हणून गोंदाने पायाला चिकटवलेले, उजवी टाच सोललेली, गोंद त्या सोललेल्यात गेलेला — आणि चेहरा असा, जणू बसची वाट बघतेय.

एकेचाळिसावा नाच — मला नाचातलं काही कळत नाही, असं अट्राक्टाबाईंचं मत आहे. अट्राक्टाबाई म्हणजे तिच्या नाचाच्या बाई. माझ्याही होत्या. मी नऊची असताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हिचे हात बोलतात, नाचात हात गप्प हवेत, हिला घरी न्या. नेलं. पण मला कळत नसलं तरी तो नाच बघून माझ्या हातावर काटा आला होता. एकच झालं. तिने सुरुवात डाव्या पायाने केली. पहिलं पाऊलच डावं. उजवी टाच टेकवत नव्हती ना, पायानेच परस्पर ठरवलं असेल.

संध्याकाळी तो व्हिडिओ बाईंना पाठवला. त्यांनी आईला फोन केला, आईने तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. पायाबद्दल अवाक्षर नाही. म्हणाल्या, "सुंदर झालंय. हे फोन कधीकधी आरशासारखं उलटं दाखवतात म्हणे, डावं ते उजवं. डर्व्हलाला कळतं त्यातलं." बस. मग आपल्या कोंबड्यांचं सांगत बसल्या, कोल्ह्याने दोन नेल्या म्हणून. आईने चहा टाकला. माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्या कपात दूध घातलं — एरवी कधी घालत नाही. यात 'कर' असं कुणी म्हणालं? नाही. आमच्याकडे मोठी माणसं पाप करत नाहीत, नुसतं दार उघडं ठेवतात आणि गार वारं येतंय म्हणून तुमच्याकडे बघतात. व्हिडिओ उलटा करायला एक बटण लागतं. चहा प्यायच्या आत झालं.

पहिली आली. रविवारी पाद्रीबुवांनी नाव घेतलं, अट्राक्टाबाई पुढच्या बाकावर बसून अशा मान डोलवत होत्या की त्याच नाचल्या. दहा दिवसांनी कुणा दुसरीच्या आईने व्हिडिओ थांबवून शिंपीणबाईंकडचा ड्रेसचा फोटो शेजारी लावला. मासा फोटोत उजवीकडे, व्हिडिओत डावीकडे. शाबास तिची. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मासा पोहत पोहत इकडून तिकडे गेला असं काही म्हणता येत नव्हतं. बक्षीस काढून घेतलं, एक वर्ष बंदी.

मग स्पर्धावाल्यांना पत्र. बाईंनी सांगितलं, आईने लिहिलं — मुलीच्या थोरल्या बहिणीने, जिचं शिक्षण अर्धवट आहे, अज्ञानातून हा प्रकार केला, मुलीला वा तिच्या बाईंना याची कल्पना नव्हती. मी सही केली. 'अज्ञान' या शब्दात आईची एक चूक होती, ती तेवढी मी दुरुस्त केली. साइव्ह जिन्यात बसली होती. वाचून दाखवा म्हणाली नाही. ऐकत होती.

बंदी गेल्या महिन्यात संपली. नाचू शकते. बाईंचा निरोप येऊन गेला, एक वर्ग फुकट घेईन म्हणून — त्यांना वाटतं तेवढ्याने फिटतं. वर असते ती. जेवायला येते, शाळेत जाते, विचारलं तर उत्तर देते. माझ्याशी? माझ्याशीही बोलते. मीठ दे म्हणते. मंगळवारी हा ड्रेस असाच पिशवीत घालून वरच्या जिन्यापाशी ठेवलेला होता. आईने लगेच जाहिरातीसाठी फोटो काढला.

तिला माहीत होतं का?

नव्हतं. पत्रात आहे ना तसं.

म्हणजे — पाय तिचा, तिला नाही कळणार? नाच संपला, फोनला वाकली, डब्याला वाकली, आणि म्हणाली, "डावा पडला. अजून एकदा करते." मी पहाटे पाचची उठलेली. दुसऱ्या दिवशी परत पाच. मी म्हटलं, कुणाला दिसत नाही, झालंय मस्त. ती वळली, परत फळीवर जाऊन उभी राहिली — उजवा पाय पुढे, मोजा मागून लाल झालेला, हात खाली. मी स्पीकर लावला नव्हता. तरी उभी. मोजत असणार मनात, आठ आवर्तनं, बाजाशिवाय. आणि मी फोन खिशात टाकला आणि दिवा मालवला. तिथेच होती ती तेव्हा. अंधारात. चहा, आरसा, ते सगळं नंतरचं. त्यांना मी कितीही शिव्या घालेन, घालतेच, पण तिने एकदाच काहीतरी मागितलं होतं आणि ते माझ्याकडे मागितलं होतं. पाच मिनिटांचं काम. हे पत्रात नाही. आईलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय देव जाणे, तुम्ही तर ड्रेस बघायला आला आहात.

माप घ्यायचं असेल तर घ्या ना. कंबर आतून दोन बोटं सोडता येते, शिवण ठेवलीय. घामाचे डाग नाहीत. गोंदाचा एक आहे, तो इथे, दिसत नाही. तुमची पोरगी गाडीतच आहे का? नको, आत नका आणू. घरी घालून बघू दे.

शू — एक मिनिट. वर. ऐकलंत? आत्ता. टक्‌, टक्‌ — तिचे बूट, फळीवर —

नाही. पाईप आहे. गरम पाणी चढलं की ठोकतो. वर्षभर ठोकतोय, मी दर वेळी अशीच थांबते.

न्या तुम्ही हा. आईने लिहिलीय तीच किंमत, जास्त नको, कमी नको, टेबलावर ठेवा. बूट? नाही, नाचाचे बूट जाहिरातीत नव्हते. ड्रेस तिने बाहेर ठेवला होता. बूट ठेवले नव्हते.

दार ओढून घ्या जाताना.